दत्ताभाऊंची कटिंग

"ही लई गरीब हाय बाई. तोंडातून शबूद न्हाई. थोरलीवानी मिलिटरीला अर्ज करायची न्हाई ही."

हे माझ्याबद्दल चाललं होतं. मी आत भाकरी थापत होते आणि आत्या बाहेर ओट्यावर शेजारच्या शकूकाकूंना सांगत होत्या. मधे भिंत होती, पण भिंतीला खिडकी होती आणि खिडकीला फक्त जाळी. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आणि गरीब म्हणजे पैशाने नव्हे, स्वभावाने. गाय विकतानाही गिऱ्हाइकाला असंच सांगतात: गरीब आहे, लाथ मारत नाही.

मी बी.कॉम. आहे. अर्ज मला येतो. करायला तोपर्यंत काही कारण नव्हतं, इतकंच.

संगमनेरच्या माझ्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "तू एवढी गप्प, मग तुझ्याकडे सांगायला इतकं कुठून येतं गं?" गप्प असते म्हणूनच येतं. बोलणाऱ्या सुनेसमोर लोक विषय बदलतात. न बोलणारीसमोर बदलत नाहीत. तिला चहा टाकायला सांगतात आणि मागच्या पानावरून पुढे चालू. मी चहा टाकते. चहाला उकळी येईपर्यंत एक किस्सा होतो, आणि आमच्या घरात चहा दिवसभर होतो.

किस्से सगळे एकाच प्रकरणाचे आहेत, म्हणून आधी प्रकरण सांगते. माझा नवरा महेश सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याचे थोरले भाऊ दत्तात्रय, म्हणजे माझे दीर दत्ताभाऊ, मिलिटरीत आहेत. त्यांची बायको अर्चनाताई, माझी जाऊ. त्या माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी मुलीला घेऊन सोनईला माहेरी गेल्या. भांडण कशावरून झालं याची घरात जितकी माणसं तितकी उत्तरं आहेत, त्यामुळे ते सोडून देऊ. मुलीचं नाव ओवी, ती दुसरीत आहे. ती या घरातून गेली तेव्हापासून दत्ताभाऊंनी तिच्यासाठी काही पाठवलेलं नाही. शेवटी अर्चनाताईंनी कोर्टाची पायरी न चढता सरळ त्यांच्या पलटणीच्या साहेबांना अर्ज केला, की मुलीच्या खर्चापुरतं यांच्या पगारातून कापा आणि आम्हाला द्या. मिलिटरीत तशी सोय असते.

एवढंच. बाकी सगळं आमच्या ओट्यावर घडलं.

*

पोटगी हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही. तो कोर्टातला शब्द आहे. काढला की घटस्फोट झाल्यासारखं वाटतं. दत्ताभाऊ एकदा फोनवर म्हणाले, "आई, माझ्या पगारातून कटिंग होईल बघ." तेव्हापासून घराला शब्द सापडला. कटिंग. सुटसुटीत, आणि कुणाचा अपमान नाही.

मग सकाळ-संध्याकाळ तेच. कटिंग होणार का, कटिंग कधीपासून, कटिंग थांबवायला कुणाला भेटायचं. मामा रोज पेपर बघून विचारायचे, "कटिंगचं काय आलंय का?" जसं काही कांद्याच्या भावाशेजारी छापून येणार होतं.

एक दिवस आत्यांना फारच भरून आलं. शकूकाकू वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "बघा ना काकू, तिथं बर्फात उभं ऱ्हायचं लेकरानं, आन ही बया त्याची कटिंग करायला निघाली."

शकूकाकूंना प्रकरणातलं निम्मंच माहीत होतं. त्या म्हणाल्या, "करू द्या की. मिलिटरीत तशी बी बारीकच ठिवावी लागती."

*

आमच्या घरात मिलिटरीतलं सगळं नानांना कळतं. नाना मामांचे चुलतभाऊ, घर पलीकडच्या गल्लीत, पण मुक्काम आमच्या ओट्यावर. नाना मिलिटरीत नव्हते. तरुणपणी नगरला भरतीला गेले होते आणि छाती मोजेपर्यंत पोचले होते. तिथं छाती भरली नाही.

"फुगवून भरत हुती," ते अजून सांगतात. "पन त्यांनी मी फुगवायच्या आतच मोजली."

तेवढ्या अनुभवावर त्यांनी पुढचं सगळं आयुष्य तज्ज्ञ म्हणून काढलं. अर्चनाताईंचा पहिला अर्ज परत आला तेव्हा तर त्यांची छाती न फुगवता भरली असती. झालं असं की दत्ताभाऊंची रँक आहे नाईक. मिलिटरीत रँक नावाच्या आधी लावतात. अर्चनाताईंनी टायपिंगवाल्याला सांगितलं, "नाईक दत्तात्रय" असं लिहा. टायपिंगवाला सोनईचा, त्याचा मिलिटरीशी संबंध नाही. त्याला वाटलं बाई गडबडीत आडनाव आधी सांगतायत. त्याने शहाणपणाने दुरुस्त करून आडनावाच्या जागी नाईक टाकलं आणि आमचं खरं आडनाव गाळून टाकलं. तिकडून उत्तर आलं की या नावाचा जवान आमच्याकडे नाही.

ही बातमी आमच्या घरी कशी पोचली माहीत नाही, पण पोचली. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. तरी हा किस्सा मला इतक्या वेळा ऐकवलाय की मी तिथं हजर होते असंच मला वाटतं. नाना ओट्यावर उभं राहून म्हणाले, "आता सरकारच लिहून देतंय, आसा मानूसच न्हाई. मिटलं."

मामा तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "मंग पगार कुनाचा येतोय?"

नाना त्यावर अजून विचार करतायत.

*

दुसऱ्या अर्जात अर्चनाताईंनी नावावर भिस्तच ठेवली नाही. त्यांनी दत्ताभाऊंचा मिलिटरीतला नंबर लिहिला. तो नंबर त्यांच्या पाठ होता. लग्न झाल्या झाल्या दत्ताभाऊंनीच शेजारी बसवून घोकून घेतला होता: मिलिटरीच्या दवाखान्यात नाव कुणी विचारत नाही, नंबर विचारतात, चुकलीस तर उभी राहशील. ओवीच्या वेळी कळा येत असताना अर्चनाताईंनी तो नंबर खाडखाड सांगितला होता म्हणे. नर्ससुद्धा बघत राहिली. त्या वेळी याच ओट्यावर त्यांचं कौतुक झालं होतं.

नंबर लागला आणि अर्ज बरोबर दत्ताभाऊंच्या साहेबांच्या टेबलावर जाऊन पडला.

आत्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "त्यानंच शिकिवलं, आन त्याच्यावरच उलटलं. बायकांना पाठ करायला लावूच ने काही."

मी तेव्हा कणीक मळत होते. महेशचा फोन नंबर मला पाठ आहे का, ते मनात म्हणून बघितलं. होता.

*

नानांचा या प्रकरणातला राग सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा आहे. कारण दत्ताभाऊंचं कॅन्टीनचं कार्ड अर्चनाताईंकडेच राहिलं.

मिलिटरीचं कॅन्टीन म्हणजे स्वस्तातलं दुकान. पूर्वी दत्ताभाऊ सुट्टीला आले की साबण, तेल, बिस्किटं यायची आणि नानांसाठी कागदात गुंडाळलेली एक बाटली. नाना ती औषध म्हणून घेत. खोकला बारा महिने असायचा. अर्चनाताई गेल्या, कार्ड गेलं. खोकला बरा झाला, पण माणूस उतरला.

ओट्यावर एकदा न्यायनिवाडा चालला होता. नात कुणाची, खर्च कुणी करायचा, आई कमावती असली तर काय आणि नसली तर काय. अर्चनाताई सोनईत ब्लाउज शिवतात, त्यामुळे त्यांना कमावती म्हणायचं का नाही यावर बराच वेळ गेला. मामा हळूच म्हणाले, "पोरगी तर आपलीच हाय." ओट्यावर माश्या तेवढ्या फिरत होत्या.

मग नाना उठले, धोतर झटकलं आणि निकाल दिल्यासारखं म्हणाले, "कायद्याचं ऱ्हाऊ द्या वो. पन बाईनं मानसाचा कोटा तोडू ने."

*

ओवीला मी एकदाच भेटले. नगरला नात्यातलं लग्न होतं. पत्रिकेवर अहिल्यानगर छापलेलं, पण टेम्पोवाल्यापासून नवरदेवापर्यंत सगळे नगरच म्हणत होते. कार्यालयाच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला अर्चनाताई आणि त्यांचं माहेर. मधे अख्खा मांडव. आत्या इतक्या ताठ बसल्या होत्या की फेटेवाले पाहुणे त्यांना नवरदेवाची आजी समजून पाया पडून जात होते.

जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगी. दोन वेण्या, हातात ताट, ताटात फक्त जिलेबी. वळून म्हणाली, "तुम्ही नव्या काकू ना? मी ओवी."

मी मान हलवली.

"मी आधी इंग्लिश मीडियमला होते," तिने आपणहून सांगितलं. "आता झेडपीच्या शाळेत आहे. इथं भाषणं जास्त असतात. मला भाषण आहे, माझे पप्पा सैनिक आहेत, असं. बाई म्हणाल्या, ड्रेसमधला फोटो आण."

"मग?"

"घरी एकच होता. तो मम्मीनं अर्जाला लावला."

पेन्सिल हरवली हे सांगावं तसं सांगितलं. मी मोबाईल काढला, तिने आईचा नंबर तोंडपाठ सांगितला. या घरातल्या बायकांचं पाठांतर चांगलं आहे.

आमच्या पुढच्या खोलीत दत्ताभाऊंचा युनिफॉर्ममधला फोटो आहे, फ्रेम केलेला. दुसऱ्या दिवशी धूळ पुसता पुसता मी त्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि सोनईला पाठवून दिला. आत्या तेव्हा शेळीला पाला टाकत होत्या. मला वाटलं, एक काम नीट झालं.

भाषण झाल्यावर अर्चनाताईंचा मेसेज आला. आमच्याकडे दसऱ्याला दत्ताभाऊंच्या फोटोची पूजा करतात, सैनिकाचा फोटो म्हणून. तेव्हाचा झेंडूचा हार वाळून तसाच फ्रेमवर होता, आणि रोज बघून बघून तो मला दिसेनासा झाला होता. तो फोटोत आला. भाषण संपल्यावर बाईंनी ओवीला जवळ घेतलं, आणि शाळेने दत्ताभाऊंसाठी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली.

"पोरगी पण उभी राहिली," अर्चनाताईंनी लिहिलं होतं. "तिला वाटलं, असं असतं."

*

मग एका रविवारी दुपारी दत्ताभाऊंचा व्हिडिओ कॉल आला. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर दत्ताभाऊ, मागे पत्र्याची भिंत. तसे ते वाईट दिसत नाहीत. बोलायलाही वाईट नाहीत. आईला विचारलं, गुडघा कसाय. वडिलांना विचारलं, कांद्याला भाव काय. मग म्हणाले, "साहेबानं बोलावलं हुतं. म्हनले, तुमची बायको अर्ज करतेय, मुलगी लहान आहे, काय ते सांगा, नाहीतर पगारातून कापावं लागेल."

"मंग?" आत्या तांब्याच्या आणखी जवळ सरकल्या. पडद्यावर आता दत्ताभाऊंना फक्त आत्यांचा कान दिसत असणार.

"मी म्हनलं, मिटलं साहेब. बायको पोरीला घेऊन परत आली. आई-बापापाशी हाय, सगळं चांगलं हाय."

नानांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हनत्यात मिलिटरी डोकं."

"साहेब लई खूश झाले," दत्ताभाऊ म्हणाले. "म्हनले, शाब्बास. असा जवान पाहिजे." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "म्हनले, आता नगरच्या सैनिकांच्या ऑफिसातून मानूस पाठवतो घरी. त्यानं बघून लिहून दिलं, की अर्ज बंद."

मामांनी आधी पुढच्या खोलीकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे, मग माडीच्या जिन्याकडे.

"परत आली म्हंतोस," ते म्हणाले, "तर कुठं आली?"

*

योजना नानांची. अंमलबजावणी आत्यांची. सोपी होती: घरात सून पाहिजे, सून आहे. मुलगी पाहिजे, ती शकूकाकूंची नात गुड्डी, तीही दुसरीत. नगरहून येणाऱ्या माणसाने दोघींना बघायचं, चहा घ्यायचा, "पत्नी व मुलगी सासरीच राहतात" असं लिहायचं आणि जायचं. मग ओवीच्या अर्जाचा विषयच संपला. पुढे अर्चनाताईंनी कितीही अर्ज केले तरी त्या खोट्या ठरणार, कारण मिलिटरीच्याच माणसाने लिहून दिलेलं असणार.

मला हे कुणी विचारलं नाही. सांगितलं. आत्या म्हणाल्या, "तू निस्ता चहा घिऊन यायचं. बोलायचं काय बी न्हाई."

मी रात्रीची वाट न बघता महेशला कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीतच फोन केला. मागे मशीन चालू होती. मी सगळं सांगितलं.

तो मशीनपासून जरा लांब गेला. मग म्हणाला, "अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आणि तू तशीही बोलत नाहीस."

"आणि मी तुझ्या भावाची बायको झाल्यावर," मी विचारलं, "तू कोण?"

"माझी त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट आहे," महेश म्हणाला.

*

गुड्डीची तालीम आदल्या संध्याकाळी ओट्यावर झाली. नाना साहेब झाले. खुर्चीत बसले, डोक्यावर मामांची टोपी. आत्यांनी गुड्डीच्या दोन्ही हातांत दोन क्रीमची बिस्किटं दिली होती, आगाऊ.

"बाळ, नाव काय तुझं?" नानांनी साहेबी आवाज काढला.

"गुड्डी."

"ओवी," आत्या म्हणाल्या.

"ओवी," गुड्डी म्हणाली.

"मम्मी कुठंय?"

तिने बिस्किटासकट हात माझ्याकडे केला. आत्या खूश झाल्या. पोरगी हुशार आहे, सगळ्यांचं एकमत झालं.

"आन पप्पा? पप्पा कुठं अस्त्यात?" नानांनी दारातून दिसणाऱ्या, पुढच्या खोलीतल्या युनिफॉर्ममधल्या फोटोकडे बोट केलं, म्हणजे पोरीला सोपं जावं.

गुड्डीने फोटोकडे नीट बघितलं. "पप्पा टेम्पोवर," ती म्हणाली. "हे कोन हायेत?"

शेवटी असं ठरलं की ओवीला सर्दी झालीय आणि डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. शकूकाकूंनी शंका काढली की सर्दीत बोलायला कुठे मनाई असते. नाना म्हणाले, मिलिटरीच्या डॉक्टरांचं वेगळं असतं.

*

साहेब मोटरसायकलवर आले. रिटायर्ड सुभेदार. मिशा पांढऱ्या, बूट काळे, हेल्मेट काखेत. पत्ता विचारत आल्यामुळे निम्मी गल्ली त्यांच्या मागोमाग आली आणि कंपाउंडला टेकून उभी राहिली. शकूकाकू तर सरळ आत आल्या, गुड्डीच्या मागे बसल्या. त्यांना पोरीची काळजी होती, आणि बिस्किटांचीही.

मामा घरात नव्हते. कांद्याला पाणी द्यायला जातो म्हणून सकाळीच गेले होते. कांदा मागच्याच आठवड्यात काढून झाला होता.

नाना सावधानमध्ये उभे होते. सुभेदारांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. "सर्व्हिसमध्ये होता का?"

"भरतीपर्यंत," नाना म्हणाले.

"बसा," सुभेदार म्हणाले.

चांगला माणूस होता. घाई नव्हती त्यांना. आत्यांना विचारलं, मुलगा फोन करतो का, सुट्टीला आला होता का. मग म्हणाले, "सूनबाई परत आल्या, चांगलं झालं. माझ्याकडे अशा चौकश्या खूप येतात. घरी जाऊन बघितलं की निम्म्या ठिकाणी कुलूप असतं. लहान पोरांचे हाल होतात हो. बाप तिकडे, आई इकडे, आणि शाळा सुटलेली." त्यांनी गुड्डीच्या डोक्यावर हात ठेवला. "हीच का मुलगी?"

"सर्दी झालीय तिला," आत्या, नाना आणि शकूकाकू एकदमच म्हणाले.

गुड्डीने आज्ञाधारकपणे नाक ओढलं.

"आधार कार्ड आहेत का दोघींची?"

"अपडेटला टाकल्यात साहेब," नाना म्हणाले.

"दोन्ही?"

"समद्या घराचीच टाकलीत. एकदमच म्हनलं उरकून टाकावं."

सुभेदारांनी गुडघ्यावर फाईल उघडली, पेनचं टोपण काढलं. मी चहाचा ट्रे घेऊन आले. सात कप होते, कारण कंपाउंडवरच्या दोघांनीही खुणेने मागितला होता.

"या सूनबाई?"

"व्हय. आर्चना," आत्या म्हणाल्या.

"त्यांना सांगू द्या. मला लिहायचंय की समक्ष विचारलं." ते माझ्याकडे वळले. आवाज खाली आणला. "घाबरू नका. या घरात त्रास नाही ना काही?"

मी मान हलवली. त्रास नव्हता. भाकरी गरम मिळत होती, टीव्ही माझ्या खोलीत होता. कुणी आवाज चढवत नव्हतं.

"लई लाजती," आत्या म्हणाल्या. "पहिल्यापासून बोलतच न्हाई."

सुभेदारांनी कागदाकडे बघितलं. त्यावर मला उलटं दिसत होतं: पत्नीचे नाव, मुलीचे नाव, पतीचे नाव, आणि पुढे मोकळी जागा. अर्ज बंद करायला तेवढी पुरेशी होती. "बरं. मग एवढंच सांगा. मालकांचं नाव काय?"

मी ट्रे खाली ठेवला.

आत्या पटकन मधे पडल्या. "आमच्यात बायका मालकाचं नाव घेत न्हाईत, साहेब."

"लई जुनी परंपरा हाय," नाना म्हणाले. "मी सांगतो की. दत्तात्रय."

"तुम्ही नको." सुभेदार पहिल्यांदाच हसले. मिशा वर गेल्या. "मग उखाण्यात घेऊ द्या ना. आमची मंडळी अजून तसंच घेते. त्याला तर कुणाची हरकत नसते."

आत्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. उखाण्याला हरकत घ्यायची कुणी, आणि कशी. कंपाउंडवरची माणसं सरसावून उभी राहिली. शकूकाकू म्हणाल्या, "घे गं, घे. लग्नात बी हिचा कुनाला ऐकू आला न्हाई." नानांनी तोंडासमोर हात धरून मला मदत केली, "दत्तात्रयरावांचं, दत्तात्रयरावांचं." आत्यांनी स्वतः पुढे होऊन माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

सुभेदारांनी पेन टेकवलं.

मी घसा साफ केला आणि कंपाउंडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जाऊबाई सोनईला, ओवी तिथल्या शाळेत,
महेशरावांचं नाव घेते, साहेब आले वेळेत."